दोन थेंबांचं उद्घाटन

परभणी,
रविवार, भर दुपार

आदरणीय धम्मानंद मामांना सुकेशनीचा मानाचा जय भीम. मामीलाही सांगा, आणि पिंकीला माझ्या वतीनं एक टपली द्या.

तुमचा गुडघा कसा आहे? त्या बाजारातल्या तेलवाल्याचं तेल चोळणं बंद केलं असेल तर बरं, नसेल केलं तर मी सांगून तुमी थोडेच ऐकणार आहात. मामीची दाढ काढली का अजून नुसती दुखायलीच? माझं म्हणाल तर पित्त सोडून तब्येत ठीक. पत्र बघून तुमी दचकाल, की फोन असताना पोरीनं कागद का काळा केला. तर मामा, तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही. मी हॅलो म्हणलं की तुमी 'आपल्यातली पहिली डॉक्टर' इथून भाषण सुरू करता, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळं ओट्यावर बसलेले लोक टाळ्या वाजवतात (मागच्या खेपेला वाजवल्या, मी कानांनी ऐकल्या). हेडमास्तरकीतून तुमी रिटायर झालात, परिपाठ काही झाला नाही. म्हणून लिहायलेय. लिहिलेल्या माणसाला मधेच तोडता येत नाही.

दर वेळी विचारता, पीएचडी कुठवर आली. ती कुठवर आली आणि तिथंच कशी मेली, हे सांगायचं आहे. पण आधी विषय सांगते, कारण तुमी तो सगळ्या सेलूत 'कॅन्सरवरचं औषध' म्हणून सांगत सुटलात आणि तोंड मला द्यावं लागतं. आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं. पेशीच्या बाहेरच्या कातडीवर एक प्रथिन असतं, त्याला डेथ रिसेप्टर म्हणतात. शरीराला वाटलं की ही पेशी आता बिघडली, तर ते या रिसेप्टरला निरोप देतं आणि ती पेशी आपल्या आपण आवरतं घेते. आरडाओरडा नाही, सूज नाही, पू नाही. (एवढा समजूतदारपणा आमच्या संस्थेच्या संचालक मंडळात असता तर निम्मे कधीच घरी बसले असते.) कॅन्सरच्या पेशी कितीदा तरी हा रिसेप्टर गायबच करतात, म्हणजे निरोप द्यायचा कुणाला? आपल्याकडं बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो, तो तुमाला माहीत आहे. त्या पेशींवर हा रिसेप्टर असतो का नसतो, एवढंच मला बघायचं होतं. औषध नाही, गोळी नाही, चूर्ण नाही. आहे का नाही, एवढं.

ते बघायला अँटीबॉडी लागते. हे सशाच्या रक्तातून काढलेलं एक प्रथिन असतं आणि हजार प्रथिनांच्या गर्दीत ते नेमकं आपल्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतं, जत्रेत चुकलेलं लेकरू कसं बरोबर आपल्याच आईच्या पदराला लोंबकळतं तसं. पेशींमधली प्रथिनं एका कागदासारख्या पडद्यावर उतरवायची, वरून अँटीबॉडी सोडायची, आणि रिसेप्टर असला तर त्या जागी काळी रेघ उठते. बस. फक्त ती वस्तू फार नाजूक. फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. एकदा का उन्हाची झळ बसली की ती कुणालाच ओळखत नाही.

ती मागवायला खरेदी समितीची मंजुरी लागते. त्या समितीत एक इतिहासाचे प्राध्यापक, एक क्रीडाशिक्षक आणि एक अध्यक्षांचे साडू आहेत. त्यांचं म्हणणं, तीन कंपन्यांचे भाव आणा. मी म्हणलं, ही वस्तू जगात एकच कंपनी बनवते. ते म्हणाले, मग ती सोडून आणखी दोन बघा. ते कसंबसं मिटलं तर 'एक नग' म्हणजे किती, यावर गाडी अडली. मी सांगितलं, दोन थेंब. क्रीडाशिक्षक म्हणाले, परदेशातून मागवायलोच आहोत तर बाटली भरून का मागवत नाही? या सगळ्या चर्चेत दोन पावसाळे गेले आणि माझ्या पीएचडीच्या मुदतवाढी संपत आल्या. (त्याच काळात तलाठ्याची भरती निघाली होती. तुमी म्हणालात, फॉर्म भरू नको, तू मोठी होणार. ते असो.)

शेवटी एकदा कुरिअरवाल्याचा फोन आला की तुमचं पार्सल पेटलंय, घेऊन जा. पेटलं बिटलं काही नव्हतं. थर्माकोलच्या डब्यात कोरडा बर्फ घालून पाठवतात, त्याचा पांढरा धूर निघतो. पण त्यांनी तमाम ऑफिस रिकामं करून डबा रस्त्याच्या कडेला लिंबाखाली नेऊन ठेवला होता, त्याच्यावर वाळूची बादली उपडी केली होती, आणि लोक लांब उभं राहून व्हिडिओ काढायले होते. मी वाळू झटकून डबा छातीशी धरला आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं सगळा रस्ता अर्धं अंग बाहेर काढून रिक्षा चालवली, म्हणजे वेळ आली तर उडी मारता यावी. एवढं होऊनसुद्धा आत सगळं थंडगार होतं, मामा. करंगळीच्या पेराएवढी कुपी आणि तळाशी दोन थेंब. मी रडले, खरंच सांगते. आनंदानं रडायची तेवढी एक वेळ मला या नादात मिळाली.

आमचे महारुद्र सर, म्हणजे माझे गाईड आणि विभागप्रमुख, म्हणाले, हात लावू नको, आधी उद्घाटन. आमच्या कॉलेजात नवीन वस्तू उद्घाटनाशिवाय वापरायची रीत नाही. झेरॉक्स मशीनचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं, संडासाचंसुद्धा झालं (तिथं फीत कापून पाहुणे लगेच निघाले). आणि ही तर परदेशातून आलेली वस्तू. मी हात जोडून म्हणलं, सर, कुपी फ्रीझरमध्येच राहू द्या, तशीच एक रिकामी कुपी टेबलावर ठेवू, कुणाला काय कळणार आहे? सर असे तापले की विचारू नका. म्हणाले, उद्घाटन खऱ्या वस्तूचंच होतं. अध्यक्षांसमोर खोटं ठेवायचं? विज्ञानाच्या माणसाला हे शोभतं का? हे बोलणं मी मुद्दाम पुरं लिहिलंय, पुढं लागणार आहे.

अध्यक्ष सकाळी येणार होते. ते आधी पाथरीला कुणाच्या तरी दहाव्याला गेले आणि तिथून मानवतला एका लग्नाला (पुढाऱ्यांचं बरं असतं, पांढऱ्या कपड्यांच्या एका जोडीत दोन्ही उरकतं). मे महिना, मंडपाला पत्रे, आणि मी कुपी बर्फाच्या बादलीत खोचून बादलीला राखण बसलेली. मग वीज गेली. जनरेटर होता, पण तो माइकला जोडला होता, फ्रीजला नव्हता. दुपार टळायला लागली तेव्हा अध्यक्ष आले, घामानं निथळत आले, आणि सरबताला बर्फ नव्हता. मला सरांनी हार मोजायला आत पाठवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी आमच्या कमलबाईंना, म्हणजे विभागाच्या शिपाईबाईंना, हुकूम सोडला की पोरीच्या बादलीत बर्फ आहे, तो घ्या. कमलबाई बिचाऱ्या नको नको म्हणल्या, तर त्यांनाच झापलं. मी बाहेर येऊन बघते तर बादलीत कोमट पाण्यावर कुपी तरंगायलेली आणि स्टेजवरची सगळी मंडळी माझा बर्फ पिऊन गार झालेली. ओरडायची सोय नव्हती, कारण माइक चालू होता.

पुढचं ऐका. व्हिडिओवाला म्हणाला, वस्तू दिसतच नाही. मग स्टीलचा ग्लास उपडा ठेवला, त्याच्यावर लाल कापड, कापडावर कुपी, कुपीला फीत, आणि वीतभरावर त्याच जनरेटरला जोडलेला हॅलोजनचा दिवा. तो दिवा सगळ्या भाषणांभर चालू होता. अध्यक्ष मरण या विषयावर बोलले. नुकतेच दहाव्याहून आलेले असल्यामुळं त्यांना पुष्कळ सुचत होतं. मग शाली झाल्या, नारळ झाले, खरेदी समितीचा सत्कार झाला, मंडपवाल्याचा झाला. मी दोनदा उठले, सरांनी दोनदा डोळ्यांनीच खाली बसवलं. फीत कापताना अध्यक्षांनी कुपी चिमटीत उचलली आणि चटका बसल्यासारखी पटकन ठेवून दिली. म्हणाले, लय तापलीय हो ही. सगळे हसले. मला त्याच वेळी कळलं होतं, मामा. पण इतकी वर्षं घातल्यावर माणूस लगेच मान्य करत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, 'मरणावर परभणीत औषध'. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. लोक यायला लागले. कुणी सासूचे रिपोर्ट घेऊन आलं, कुणी नुसतं बघायला. आणि पाथरीकडच्या एका खेड्यातून मुंजाजी म्हणून एक म्हातारे शेतकरी टेम्पो करून आपला बैलच घेऊन आले. पाखऱ्या त्याचं नाव. एक शिंग लोंबायलेलं, माश्या घोंगावायलेल्या, वास असा की शिपाई गेट सोडून पळाला. आणि बैल मुकाट उभा. मी मुंजाजींना खरं ते सांगितलं, की बाबा, इथं औषध नाही, पेपरवाल्यांनी काहीतरीच छापलंय. त्यांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं शिंग काढलं. मी तुकडा मागितला. म्हातारा म्हणाला, "घ्या की. पर काय निघंल ते मला सांगा. चांगलं असू द्या न्हाईतर वंगाळ, खरं सांगा. लोक मला अडाणी म्हून गोड बोलून वाटंला लावत्यात." मी सांगितलं की यातून बैल वाचेल का नाही हे कळायचं नाही. ते म्हणाले, न कळू द्या, जे कळंल ते सांगा. मी शब्द दिला.

आणि मग तो प्रयोग केला. पडदा कोरा. पाखऱ्याच्या जागी रेघ नाही. म्हणलं, असेल, बैलात नसेल. पण शेजारी मी ताळा म्हणून माणसाच्या पेशी लावल्या होत्या, ज्यांत हा रिसेप्टर असतोच असतो, त्या जागीसुद्धा रेघ नाही. म्हणजे दोष बैलाचा नव्हता, माझ्या हाताचा नव्हता, अँटीबॉडीच मेली होती. पेशीला मरायला सांगणारा रिसेप्टर शोधायला निघालो आणि शोधणारीच आधी गेली. तरी मी थेंबाथेंबानं पुरवून पुरवून परत केलं, आणि परत केलं, आणि कुपी संपली. कोरा तो कोराच.

दुसरी मागवायची म्हणलं तर समिती म्हणे, आत्ताच तर उद्घाटन झालं. खराब झाली असं लिहून द्या, कारणासकट. आता कारण काय लिहिणार? हॅलोजन? अध्यक्ष? फ्रीझरच्या दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवलीय. सर म्हणाले, असा कागद माझ्या सहीनं जाणार नाही, मला अजून नोकरी करायचीय. आणि मग त्यांनी मला शांतपणे मार्ग सांगितला. आमी पेशींतल्या दुसऱ्या एका प्रथिनाची रेघ नेहमीच काढून ठेवतो, ते सगळ्याच पेशींत असतं, प्रथिनं सारखी घेतली का नाही हे त्यावरून कळतं. ती रेघ घे, म्हणाले, कॉम्प्युटरवर उलटी कर, जराशी फिकट कर, आणि कोऱ्या जागी डकव. खाली लिही, बैल क्रमांक एक, तालुका पाथरी. कोण बघतंय?

तेच सर, मामा. अध्यक्षांपुढं दोन घटका रिकामी कुपी ठेवायची म्हणलं तर विज्ञानाला शोभत नव्हतं, आणि प्रबंधात जन्मभरासाठी ठेवायचं तर शोभतंय. आणि वरून म्हणाले, तुमच्या लोकांना सगळं सोपंच असतं, तू कशाला अवघड करून घेतेस. याच्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला रोज रात्री एक नवीन सुचतं. त्या वेळी मात्र मी 'हो सर' म्हणलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आणि मी ते केलं. लपवत नाही. काल बसले, रेघ उलटी केली, फिकट केली, डकवली. इतकी देखणी दिसायलीय की खऱ्या प्रयोगात अशी कधी आली नव्हती. उद्या सोमवार, प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस. नाही दिला तर नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात. आता फक्त पहिल्या पानावर सही राहिलीय, 'हे सर्व काम माझे व खरे आहे' याच्या खाली. उद्या ती करणार आहे. सगळेच करतात. पकडलं गेलं तर सर म्हणतील पोरीनं केलं, आणि नाही पकडलं तर म्हणतील आमच्या मार्गदर्शनाखाली झालं, हे मला कळतंय. पण मला आता घरी जायचंय, मामा. दहा ते पाचची नोकरी करायचीय. लोकांनी विचारलं काय करतेस, तर एका शब्दात सांगता आलं पाहिजे. तुमाला पहिली डॉक्टर पाहिजे होती, ती घ्या. तुमी आता मला समजावायला येऊ नका, शाळेत विज्ञान तुमीच शिकवलंय म्हणून तर राग जास्त येतो.

बाकी सगळं ठीक. ऊन फार आहे, दुपारी बाहेर पडू नका. घरातल्या मोठ्यांना जय भीम, लहानांना लाड.

तुमची भाची,
सुकेशनी

ता. क. : हे पत्र विहारात वाचून दाखवू नका. मामीला दाखवलं तरी चालेल, ती रडेल पण भाषण करणार नाही.

ता. क. दुसरा : लिफाफा बंद करणार तेवढ्यात मुंजाजींचा फोन आला. विचारलं, "बाई, माझ्या पाखऱ्याचं काय निघालं?" मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, मामा, वाक्यसुद्धा पाठ होतं. पण तोंडातून भलतंच गेलं. म्हणलं, बाबा, काहीच निघालं नाही, आमच्याकडची वस्तू उन्हानं खराब झाली होती, तुमचा तुकडा वाया गेला. म्हातारा मग म्हणाला, "सांगितलं ते बरं केलं. दुसऱ्या शिंगाला बी सूज यायलीय. ते काढलं की आणून देऊ का?" मी आणा म्हणलं. कशाच्या जिवावर म्हणलं, मलाच माहीत नाही. पण आता त्या माणसाला एक सांगून प्रबंधात दुसरं लिहिता येत नाही. तो प्रबंध त्याला कधी वाचता येणार नाही, म्हणून तर अजिबातच येत नाही. मी चित्र पुसून टाकलं आणि सरांना फोन करून सांगितलं, की उद्या मी येणार नाही. ते जे बोलले ते थोरामोठ्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. वरचं सहीचं सगळं खोडणार होते, पण कागद पुन्हा लिहायचं त्राण नाही. पदवी गेली असं समजा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच एसटीच्या कंडक्टरच्या हाती आजच पाठवायलेय : पिंकीनं आत्ताच फोटो पाठवला. सेलूच्या चौकात तुमी माझा फ्लेक्स लावलाय, मी तुमच्या दाराएवढी, आणि खाली 'डॉ. सुकेशनी यांचे हार्दिक अभिनंदन', त्याखाली तुमचा आणि तुमच्या मित्रमंडळाचा हात जोडलेला फोटो. बाबा मंगळवारी बाजाराला येतात. त्यांनी बघायच्या आत तो उतरवा, आणि त्यांना तुमीच सांगा, माझ्यानं ते होणार नाही. आणि मामा, मी तुमाला ओळखते, तुमी म्हणाल फ्लेक्स चांगला आहे, नुसता 'डॉ.'वर पांढरा कागद डकवू. तसं करू नका. पुरा उतरवा.